आजचं चिंतन : पाण्यातली चव (गीता, अध्याय ७, श्लोक ८ आणि ९)



आजचे दोन श्लोक सातव्या अध्यायातले, ज्ञानविज्ञानयोगातले. त्याच्या आधीच्याच श्लोकात भगवंतांनी दोऱ्यात ओवलेल्या मण्यांचा दृष्टांत दिलाय. सगळं जग माझ्यात असं ओवलेलं आहे, असं ते सांगतात. आता मणी दिसतात, दोरा दिसत नाही. मग अर्जुनाने तो शोधायचा कुठे? आजचे श्लोक म्हणजे त्याचं उत्तर.

भावार्थ असा: पाण्यातली चव मी आहे. चंद्र-सूर्याचं तेज मी आहे. वेदांमधला ॐकार, आकाशातला शब्द, माणसातलं कर्तृत्व मी आहे. मातीचा पवित्र वास, अग्नीतलं तेज, सगळ्या जिवांमधलं जीवन आणि तपस्व्यांचं तप मी आहे.

या यादीत पहिला मान पाण्याच्या चवीला मिळालाय. हिमालय, समुद्र, ऐरावत वगैरे मोठी मंडळी दहाव्या अध्यायात येतात. इथे सुरुवात एका घोटापासून आहे.

पाण्याला चव असते?

शाळेत आपण पाठ केलं होतं की शुद्ध पाण्याला रंग नसतो, वास नसतो, चव नसते. परीक्षेत ते बरोबरच आहे. पण मे महिन्यात दुपारी दोन वाजता धुळ्याच्या एसटी स्टँडवरून चालत घरी आलेल्या माणसाला विचारा. तो पहिला तांब्या रिकामा करेल आणि म्हणेल, "अहाहा, काय गोड पाणी आहे!" पाणी तेच असतं. तहान असली की चव कळते.

आपल्या शास्त्रात पंचमहाभूतांचे पाच गुण सांगितलेत. आकाशाचा शब्द, वायूचा स्पर्श, तेजाचं रूप, पाण्याचा रस, पृथ्वीचा गंध. या दोन श्लोकांत आकाश, तेज, पाणी आणि पृथ्वी अशी चार भूतं भेटतात. वायूचा स्पर्श तेवढा इथे आलेला नाही. म्हणजे भगवंत अर्जुनाला कुठल्या दूरच्या लोकात पाठवत नाहीयेत. जीभ, डोळे, कान, नाक यांना रोज जे मिळतं, त्याच्या आत बघ म्हणतायत.

मूळ शब्द आहे 'रस'. आपल्या मराठी उन्हाळ्यात या शब्दाची काय कमी? आमरस, उसाचा रस, जोडीला पन्हं आणि कोकम सरबत. पण हापूसचा रस कुणालाही गोड लागतो. त्याला साधनेची गरज नाही. साध्या पाण्यात रस ओळखायला मात्र थोडं थांबावं लागतं.

माझ्यासाठी हे दोन्ही श्लोक एकत्र भेटतात ते नव्या माठात. माठाच्या बारीक छिद्रांतून पाणी झिरपतं, बाहेर येऊन त्याची वाफ होते आणि ती वाफ जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. म्हणून पाणी गार राहतं. पण नव्या माठातल्या पहिल्या काही दिवसांच्या पाण्याला मातीचा वासही असतो. आठव्या श्लोकातला रस आणि नवव्या श्लोकातला गंध, दोन्ही एकाच पेल्यात.

"बरं दिसतं का हे?"

हे श्लोक आज निवडायला कारण आहे माझी धाकटी बहीण. ती अमेरिकेत मिनियापोलिसला पीएचडी करते. बाबा गेले त्याला दोन वर्षं झाली. तेव्हा ती येऊन गेली, त्यानंतर आलेली नाही. तिकीट, व्हिसाचं स्टॅम्पिंग आणि प्रयोगांचं वेळापत्रक, तिन्ही एकदम जुळत नाहीत. मी पुण्यात, आई धुळ्यात.

खानदेशात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात. लेकींचा सण. सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. त्याच दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरून पुजतात आणि आमरस-पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतात. यंदाही आईने बाबांच्या नावाची घागर भरली. लेक मात्र तेव्हा सेमिस्टरच्या शेवटच्या आठवड्यांमध्ये अडकलेली होती.

मग तिकडे जून उजाडला. ज्यांनी उत्तरेकडचा हिवाळा पाहिला नाही, त्यांना तिथल्या उन्हाळ्याची किंमत कळणं अवघड आहे. मिनियापोलिसला तळ्यांचं शहर म्हणतात. हिवाळ्यात ही तळी इतकी गोठतात की लोक त्यांच्यावरून चालतात. डिसेंबरात दिवस नऊ तासांचाही नसतो. जूनमध्ये तोच दिवस साडेपंधरा तासांचा होतो, आपल्या धुळ्यापेक्षा दोन तासांनी मोठा. रात्री नऊपर्यंत सूर्य मावळत नाही. लोक तळ्याकाठी बसतात, झाडीत काजवे दिसायला लागतात, शेतांवर जाऊन आपल्या हाताने स्ट्रॉबेरी तोडता येते. आणि हे सगळं ऑगस्टनंतर हळूहळू आवरतं घेतं.

पीएचडीवाल्यांना उन्हाळ्याची सुट्टी असते असं आपल्याला इथून वाटतं. प्रत्यक्षात वर्ग नसतात एवढंच. लॅब चालू असते, पेपरची डेडलाइन असते, आणि "वर्ग नाहीत तोवर मागचं सगळं उरकून घेऊ" हा विचार मानगुटीवर बसलेला असतो. त्यामुळे बाहेर ऊन असताना आत बसलं तर जीव तगमगतो आणि बाहेर गेलं तर काम आठवतं.

आमचा तिघांचा फोन ठरलेला आहे. तिच्याकडे रात्रीचे नऊ, आपल्याकडे दुसऱ्या दिवसाचे सकाळचे साडेसात. जूनमध्ये एका रविवारी ती तळ्याकाठून बोलत होती. बोलता बोलता गप्प झाली. मग म्हणाली, "दादा, आई तिथे एकटी. बाबा नाहीत. माझा अर्धा पेपर लिहायचा राहिलाय. आणि मी इथे सूर्यास्त बघत स्ट्रॉबेरी खाते. बरं दिसतं का हे?"

मला पटकन काही सुचलं नाही. मधेच आईचा आवाज आला, "अगं, पण आंबट होती का गोड, ते सांग ना!"

तिने सांगितलं. एक आंबट निघाली, बाकीच्या गोड. उन्हात तापलेल्या होत्या, त्यामुळे आत कोमट लागत होत्या, आणि बोटं लाल झाली होती. आई सगळं ऐकत होती. मग म्हणाली, "तुझ्या बाबांनाही आंबटच आवडायचं." त्या दिवशी बाबांचं नाव निघाल्यावर पहिल्यांदा आम्ही तिघं हसलो.

पुढचा आठवडाभर माझ्या डोक्यात आईचा तो प्रश्न होता. आईने ना पेपर विचारला, ना घरी कधी येणार ते विचारलं. तिने चव विचारली. गीतेच्या यादीतला पहिला आयटम!

मग गीता रस सोडायला का सांगते?

ज्यांनी दुसरा अध्याय वाचलाय त्यांच्या मनात इथे शंका येईल, आणि ती यायलाच हवी. स्थितप्रज्ञाच्या लक्षणांमध्ये भगवंत म्हणतात की उपाशी राहणाऱ्याचे विषय सुटतात, पण रस मागे उरतो. परमात्मदर्शन झालं की तो रसही जातो. म्हणजे तिथे रस गेला पाहिजे आणि इथे रस म्हणजेच मी! कोणतं खरं?

मला समजतं ते असं. दुसऱ्या अध्यायातला रस म्हणजे ओढ. वस्तू समोर नसतानाही मन तिच्यामागे धावतं, ती. ती नेहमी पुढच्या घासाकडे बघत असते. सातव्या अध्यायातला रस तोंडात असलेल्या घोटातला आहे. पहिली ओढ वाढली की दुसरा रस कळतच नाही. रील बघत जेवणाऱ्या माणसाला भाजीत मीठ नव्हतं हेही कळत नाही, पण हात मात्र चालू असतो.

ओळखायची एक खूण मी स्वतःपुरती ठेवली आहे. एखादा आनंद घेतल्यावर मन "अजून, अजून" म्हणायला लागलं, तर ती ओढ. मन निवलं, आणि दुसऱ्या कुणाची तरी आठवण आली, तर तो रस. पाणी पिऊन तहान भागते. तहान भागलेला माणूस आपणहून म्हणतो, "घ्या, तुम्हीही घ्या थोडं." बहिणीला स्ट्रॉबेरी खाताना आई आठवली, बाबा आठवले. तिला वाटलं की ही आठवण म्हणजे अपराधाची टोचणी. मला वाटतं, चव बरोबर पोचल्याची ती खूण होती.

कौंतेय, म्हणजे आईचा मुलगा

या श्लोकात एक बारीक गोष्ट आहे. पाण्यातली चव सांगताना भगवंत अर्जुनाला 'कौंतेय' म्हणून हाक मारतात. कुंतीचा मुलगा. अर्जुनाला गीतेत बरीच नावं आहेत, आणि हे नावही अनेकदा येतं. तरी इथे ते वाचताना मी थांबतो, कारण या मुलाने आईपासून लांब तेरा वर्षं काढली होती. पांडव वनवासात आणि अज्ञातवासात असताना कुंती हस्तिनापुरात विदुराच्या घरी राहिली.

त्यातली पाच वर्षं तर अर्जुन भावांपासूनही लांब होता. अस्त्रं शिकायला इंद्रलोकात गेला होता. हवं तर त्याची पीएचडीच म्हणा! महाभारताच्या वनपर्वात हे येतं. भावांची आठवण त्याला तिथेही येत होती. आणि तिथेच इंद्राच्या सांगण्यावरून तो चित्रसेन गंधर्वाकडे गायन आणि नृत्यही शिकला.

युद्धाची तयारी करायला गेलेल्या माणसाने नाच शिकायचा? त्या काळातला एखादा कडक गाइड म्हणाला असता, "याचा तुझ्या थीसिसशी काय संबंध?" पण पुढे अज्ञातवासात बृहन्नडा होऊन विराटाच्या घरी राहायची वेळ आली, तेव्हा तीच कला कामी आली. अर्थात प्रत्येक संध्याकाळ पुढे कामाला येईलच, म्हणून ती जगावी, असं मला म्हणायचं नाही. अर्जुनाच्या गोष्टीत मला एवढंच दिसतं की घरची आठवण, कठोर अभ्यास आणि कलेचा आनंद एकाच माणसात एकाच वेळी राहू शकतात. एकाने दुसऱ्याची जागा बळकावली, असं होत नाही.

धुळ्याच्या तुरुंगातला उन्हाळा

आमच्या धुळ्याचीच एक गोष्ट. १९३२ साली विनोबा भावे धुळ्याच्या तुरुंगात होते. तिथे त्यांनी दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन दिलं. २१ फेब्रुवारीला सुरुवात, १९ जूनला शेवट, अठरा रविवार. साने गुरुजी त्याच तुरुंगात होते. त्यांनी ती प्रवचनं लिहून घेतली आणि आपल्याला 'गीता प्रवचने' मिळाली.

तारखा पुन्हा बघा. फेब्रुवारी ते जून म्हणजे खानदेशातला अख्खा उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये तिथे पारा चाळिशी ओलांडतो. ऐकणारे बहुतेक कैदी, घरापासून लांब. "सुटल्यावर निवांत गीता वाचू" असं म्हणायला त्यांच्याइतकं चांगलं कारण कुणाकडे असेल? पण ते पुस्तक त्याच उन्हाळ्यात, त्याच भिंतींच्या आत झालं.

दहाव्या अध्यायावरच्या प्रवचनात विनोबा एक सोपी युक्ती सांगतात. लहान मुलाला आधी मोठी, साधी अक्षरं शिकवतात, जोडाक्षरं नंतर. तसंच परमेश्वर आधी सोप्या ठिकाणी ओळखायला शिकावा. आई, सूर्य, नदी ही साधी अक्षरं. आपल्याला न आवडणारा माणूस, दुःख, अपयश ही जोडाक्षरं. ती पुढे.

घरापासून लांब एकटं राहून शिकणाऱ्या मुलामुलींच्या वाट्याला जोडाक्षरं लवकर येतात. रिजेक्ट झालेला पेपर, न फिरणारा प्रयोग, घरून आलेली आजारपणाची बातमी. अशा वेळी साध्या अक्षरांचा सराव सुटू नये. संध्याकाळचं ऊन, पाण्याचा घोट, पहिल्या सरीनंतरचा मातीचा वास. यात परमेश्वर वाचता आला, तर पुढचं अवघड पानही कधीतरी लागेल.

साठवता येत नाही अशी गोष्ट

आमच्या कामात सगळं साठवायची सवय असते. फाइल सेव्ह करा, व्हिडिओ नंतर बघू, लिंक बुकमार्क करा. पाणी साठवता येतं, पण पाण्याची चव साठवता येत नाही. ती पितानाच असते. तळ्याचा फोटो घरी पाठवता येतो. त्या संध्याकाळचा गार वारा त्यात येत नाही.

"डिग्री झाली की जगू", "नोकरी लागली की आईला वेळ देऊ", या वाक्यांची गंमत अशी की ती ऐकायला जबाबदार वाटतात. पण जो घोट आज समोर आहे, तो डिग्रीनंतरसाठी ठेवला तर तेव्हा तो असणार नाही. आणि एक घोट घ्यायला अर्धं मिनिट लागतं. त्याने कुणाचा थीसिस अडत नाही. सहाव्या अध्यायात भगवंतांनी खाणं, हिंडणं-फिरणं, काम, झोप आणि जागं राहणं या सगळ्यांत प्रमाण सांगितलंय. त्यात हिंडणं-फिरणंही आहे, हे आपण विसरतो!

आजचा अभ्यास

१. आज एकदा पाणी बसून प्या. फोन उलटा ठेवा, स्क्रीनवरून नजर काढा. पहिल्या घोटाला मनात एवढंच म्हणा: देवा, ही चव तू आहेस.

२. आज घरी फोन कराल तेव्हा बातमीबरोबर एक चव सांगा. "सगळं ठीक आहे" याऐवजी आज काय खाल्लं, ऊन कसं होतं, वाटेत कसला वास आला ते सांगा. आणि त्यांनाही विचारा. माठ भरला का? कैऱ्या कशा निघाल्या? लांबच्या माणसाला आपल्या दिवसात बसायला जागा लागते. ती अशा तपशिलात मिळते.

३. नवव्या अध्यायात भगवंत म्हणतात की जे करशील, जे खाशील, ते मला अर्पण कर. हातात आलेलं फळ तोंडात टाकण्याआधी क्षणभर थांबा. अर्पण केलेल्या गोष्टीला प्रसाद म्हणतात. प्रसाद खाताना कुणी "बरं दिसतं का" असं विचारत नाही.

आणि एक गोष्ट काळजीने सांगतो. तापात पाणीही कडू लागतं. मनाचंही कधी तसं होतं. दिवसेंदिवस कशालाच चव नाही, ऊन पडलं काय नि नाही काय, असं वाटत असेल तर "माझी भक्ती कमी पडते" म्हणून स्वतःला दोष देऊ नका. झोप बघा, जेवण बघा, जवळच्या माणसाशी बोला, विद्यापीठात समुपदेशक असतील तर त्यांची वेळ घ्या. यादीत 'सगळ्या जिवांमधलं जीवन मी' हेही आहे. ते सांभाळणं ही पूजाच आहे.

आजच्या श्लोकात चंद्र-सूर्याचं तेजही होतं, ते शेवटी सांगायला ठेवलं. रात्री नऊला जो सूर्य त्या तळ्यापलीकडे मावळत असतो, तोच त्या क्षणी आईच्या ओट्यावर सकाळचं ऊन होऊन पडलेला असतो. भूगोलात हे सगळ्यांनी शिकलंय. पण ज्याचं माणूस लांब आहे, त्याने आज एकदा सूर्याकडे बघून हे आठवावं. दोरा कुठे आहे, ते थोडं दिसेल.

प्रार्थना

हे पांडुरंगा, आमची तहान तुला ठाऊक आहे. घरची, माणसांची, आणि खोल कुठेतरी तुझीही. आज जे पाणी समोर येईल, त्यात तुला ओळखायची बुद्धी दे. लांब असलेल्या आमच्या लेकरांना आणि त्यांची वाट बघणाऱ्या आईबापांना आज एक तरी गोड घोट मिळू दे.

राम कृष्ण हरी!